डाव्या मागच्या चाकाची टोपी

आधीच सांगते, खाली कमेंटमध्ये "शांती करून घ्या", "अमक्याकडे जाऊन उतरवून या" असलं काही लिहू नका. त्या सल्ल्यांनी माझं डोकं आधीच फिरलंय. हे लिहायला बसले तेही रागानेच. गेलं वर्षभर आमच्याकडच्या स्टँडवर माझ्या जीपला "भुताची गाडी" म्हणतात. म्हणजे सरळ माझ्या बाबांना भूत म्हणतात. परवा एका शिकल्यासवरल्या बाईने गाडीत बसण्याआधी मला तोंडावर विचारलं, "ते अजून दिसतात का हो?" त्या दिवशी ठरवलं की जे झालं ते जसंच्या तसं एकदा लिहून टाकायचं. मग काय म्हणायचं ते म्हणा.

"माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, पण..." अशी सुरुवात इथे सगळेच करतात. माझं तसं नाही. आमच्याकडे न मानणं ही शिकवण होती. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले गंडे, ताईत, टाक सगळं बाहेर काढलं, आणि बाबांनी ते आयुष्यभर पाळलं. पांढरकवड्याच्या स्टँडवर एवढ्या काळ्या-पिवळ्या जीप उभ्या असायच्या, प्रत्येकीच्या बंपरला शनिवारी नवं लिंबू-मिरची. एकट्या बाबांच्या जीपला नाही. कुणी टोकलं की ते म्हणायचे, "लिंबू सरबतात टाक, मिरची भाजीत. गाडीले ऑइल लागते." एवढं बोलून बोनेट उघडायचे. अशा माणसाला मेल्यावर भूत ठरवायला लोकांना लाज कशी वाटत नाही, हेच मला कळत नाही.

तर ठिकाण — यवतमाळ जिल्हा, केळापूर तालुका. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, फक्त पांढरकवड्यापासून आत, जंगलाच्या कडेला आहे एवढं समजा. आमच्या गावाहून आणि पलीकडच्या कोलामांच्या पोडावरून, म्हणजे त्यांच्या वस्तीवरून, पांढरकवड्याला जायला बाबांची जीप हीच सोय. बस येते, पण तिच्या मनाला येईल तेव्हा. अकरावी-बारावीच्या पोरी बाबांच्या गाडीतूनच कॉलेजला जायच्या. त्यांचे आईबाप निर्धास्त असायचे, कारण बाबा गाडी हळू चालवायचे आणि ब्रेकच्या बाबतीत तर अतिच करायचे.

आता ब्रेकचं थोडं सांगावं लागेल, कारण सगळं त्यावरच आहे. या गाड्यांचे ब्रेक तेलावर चालतात. पायडल दाबलं की नळ्यांमधून तेल चारही चाकांकडे जातं आणि ब्रेक लागतो. त्या नळ्यांत हवा शिरली की पायडल मऊ पडतं, पाय खाली जातो पण गाडी हवी तशी थांबत नाही. म्हणून ती हवा काढावी लागते, आणि ते एकट्याचं काम नाही. एकाने सीटवर बसून पायडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागे आडवं होऊन तिथली छोटी निपल सैल करायची. तेल आणि हवा सोबत बाहेर येतात. निपल परत कसायची, मगच वरच्याने पाय उचलायचा. पाय आधी उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं मुसळ केरात. निपल उघडली की वर पायाखाली पायडल हळूच खाली बसतं. ज्याने हे केलंय त्याला ते पायाने ओळखू येतं, बघावं लागत नाही.

आमच्या घरी बाबा खाली आणि मी वर. माझा पाय पायडलपर्यंत पुरेपुरेस्तोवर आई बसायची, नंतर मी. दादाला बसवलं की तो पाय ठेवून इकडेतिकडे बघायचा आणि थोड्या वेळाने पळून जायचा, म्हणून त्याचा नाद बाबांनी सोडला.

बाबा खालून ओरडत नसत. ओरडूच शकत नसत, कारण त्यांच्या तोंडात टोपी असायची. प्रत्येक निपलवर धूळ जाऊ नये म्हणून रबराची इवलीशी टोपी असते. बहुतेक मिस्त्री ती काढून कुठेतरी ठेवतात, ती हरवते, आणि कुणाला तिचं काही वाटत नाही. बाबा ती दातांत धरायचे. आई ओरडायची, ते विषारी तेल पोटात जाईल म्हणून. बाबा नंतर थुंकायचे, चूळ भरायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. तोंड बंद, म्हणून पान्याने चाकावर ठोके. एक ठोका म्हणजे दाब आणि धर. दोन म्हणजे सोड. तीन म्हणजे अजून हवा आहे, पुन्हा. मी धरलं की दुसऱ्या पायाने खालच्या फळीवर धप्प करायचं. आणि सगळं झालं की बाबा पाना चाकाच्या रिंगवरून घासत फिरवायचे... खर्रर्र... म्हणजे झालं, उतर खाली. तो आवाज येईपर्यंत सीटवरून उतरायचं नाही हा आमच्याकडचा नियम. एकदा मी शाळेला उशीर होतो म्हणून आधीच उतरले, तर ते मला काही बोलले नाहीत, चारही चाकं पुन्हा पहिल्यापासून केली. मी पायडल दाबत होते आणि रडत होते.

बाबा हार्ट अटॅकने गेले. विहारात पुण्यानुमोदन झालं, भन्ते बोलले, गाव जेवलं. बाकी कसले विधी नाहीत, बाबांना ते चाललंच नसतं. जीप मग काही महिने एका भाड्याच्या ड्रायव्हरने चालवली आणि तिची पार वाट लावली. तो सोडून गेला तेव्हा गाडी आमच्या अंगणात कडुनिंबाखाली येऊन पडली. दादा वणीला नोकरीला आहे. त्याचं म्हणणं विकून टाकू. मी म्हटलं, मी चालवते.

मी तेव्हा नवऱ्याचं घर सोडून माहेरी आले होते — त्याची कहाणी वेगळी आहे, इथे नको. लायसन्स होतं, भाड्याच्या गाडीला लागतो तो बॅज काढला. आईने हो म्हटलं. पोरींच्या आईबापांना मी घरोघरी जाऊन भेटले. बाई ड्रायव्हर म्हटल्यावर उलट काहींना बरं वाटलं. पोडावरचा देवराव, ज्याची लक्ष्मी अकरावीत होती, तो एवढंच म्हणाला, "गाडी तुह्या बाबासारखी ठेवजो." दिवाळीच्या सुट्ट्या संपून कॉलेज उघडणार होतं, त्याच दिवसापासून सुरू करायचं ठरलं. मला त्या गाडीशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि पोरींनाही. बस भरवशाची नाही म्हणून त्यातल्या दोघींचं कॉलेज बंद करायच्या गोष्टी घरात सुरू झाल्या होत्या.

कॉलेज उघडायच्या आदल्या आठवड्यात पांढरकवड्याहून रफिकभाईंना बोलावलं. स्टँडजवळच त्यांचं गॅरेज, बाबांची आणि त्यांची जुनी ओळख. चांगला मिस्त्री आहे, हे मुद्दाम लिहिते, त्यांच्या कामात खोट काढायची नाहीये. ते डाव्या मागच्या चाकाखाली गेले — पायडलजवळून तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक ते, सुरुवात तिथूनच करतात — आणि तिथूनच म्हणाले, "ताई, टोपी नाही इसको." मग उरलेली तीन चाकंही पाहिली. एकाही निपलवर टोपी नव्हती. त्या भाड्याच्या ड्रायव्हरने कुठेतरी काम करून घेताना घालवल्या असणार.  बाबांच्या गाडीच्या चारही टोप्या गायब म्हणजे... जाऊ द्या.

सकाळची वेळ, लख्ख ऊन. घरोघरी कापूस वेचायला माणसं गेलेली, गाव रिकामं. अंगणात मी, रफिकभाई, चहा करणारी आई, आणि कुंपणापलीकडे भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलेली शांताकाकू. ती कानाने कायम आमच्याच घरी असते. गाडीचं तोंड घराकडे, डावी बाजू गोठ्याच्या भिंतीकडे.

काम नेहमीसारखं झालं. रफिकभाई खालून आवाज द्यायचे, "दाबा ताई... धरा... छोडो." सलाईनची नळी निपलला लावलेली, तिचं दुसरं टोक तेलाच्या बाटलीत. बरीच हवा निघाली, बाटलीत बुडबुडे उठतायत हे रफिकभाई खालून सांगत होते. चारही चाकं झाली, पायडल वर आलं, चांगलं टणक. रफिकभाई बाहेर आले, हात पुसले, नळी गुंडाळून तेलाची बाटली आणि पान्यांसकट ट्रेमध्ये टाकली आणि ट्रे घेऊन दारासमोरच्या खाटेवर बसले. आईने चहा दिला. "हो गया, उतरा आता," ते म्हणाले.

मी उतरले नाही. कुणी बांधून ठेवलं नव्हतं मला, सवय होती. रिंगवर पाना घासल्याचा आवाज आला नव्हता, म्हणून पाय उठेना. स्वतःच्या वेडेपणाचं हसूही येत होतं.

आणि मागून तीन ठोके आले.

ठक, ठक, ठक. लोखंडावर लोखंड. डाव्या मागच्या चाकावर. समोरच्या काचेतून मला रफिकभाई दिसत होते — एका हातात बशी, ट्रे पायाशी. आई त्यांच्या शेजारी उभी, हातात रिकामी गाळणी. दोघांनीही मान वर केली. मला वाटलं भास... पण त्यांनीही ऐकलं होतं. मग एक ठोका आला.

यात माझी अक्कल चालली असं मी म्हणणार नाही. पाय आपोआप गेला. मी पायडल दाबलं, धरलं, आणि दुसऱ्या पायाने फळीवर धप्प केलं. आणि पायडल माझ्या पायाखाली हळूच खाली बसलं. निपल उघडल्यावर बसतं तसंच, अगदी तसंच. थोडं थांबलं. मग दोन ठोके. मी सोडलं.

रफिकभाईंची बशी हातातच राहिली होती. ते उठून गाडीला वळसा घालून गेले, त्यांच्या मागे आई. मी वरच होते, पुढच्या ठोक्याची वाट बघत. काही आलं नाही. खर्र आवाजही नाही. शेवटी आईने येऊन माझा दंड धरून मला खाली उतरवलं.

गाडीखाली कुणी नव्हतं. कोंबडी नाही, मांजर नाही, माणूस तर नाहीच. डाव्या मागच्या चाकामागे धुळीत तेलाचा ताजा ओला डाग होता. रफिकभाई म्हणाले, हा माझा नाही, मी बाटली लावली होती, थेंब पडू दिला नाही. बोनेटखालची ब्रेकच्या तेलाची डबी त्यांनी स्वतः काठोकाठ भरली होती, ती बोटभर उतरलेली. मग ते खाली झोपले. मी वाकून पाहिलं. निपल घट्ट कसलेली होती. आणि तिच्यावर टोपी होती.

जुनी, काळी, कडक झालेली रबराची टोपी. उरलेल्या तीन निपल तशाच उघड्या. या एकीवर टोपी.

"ये किधर से आयी?" रफिकभाई विचारत होते, पण मला नाही, स्वतःलाच. ती टोपी मी नखाने काढून हातावर घेतली. तिच्या कडेला दाबल्याची खाच होती. दाताची म्हणावी अशी. पण जुन्या रबराला खाचा पडतातच, म्हणून मी ते तेव्हा कुणाला बोलले नाही. टोपी परत बसवली.

रफिकभाईंनी मग डोकं लावलं. पायडल खाली बसलं म्हणजे मास्टर सिलिंडरमधला रबर तेल मागे सोडत असेल, असं ते म्हणाले. पण तसं असेल तर तेल आतल्या आत फिरतं, बाहेर डाग पडत नाही आणि डबी उतरत नाही. शिवाय पायडल पुन्हा दाबून धरलं तर ते दगडासारखं उभं राहिलं, रफिकभाईंचा सगळा भार घेऊनही. ठोक्यांबद्दल ते म्हणाले, लोखंड थंड होताना वाजतं. इंजिन सकाळपासून सुरूच केलं नव्हतं. शेवटी त्यांनी ट्रे उचलला. हवा मात्र त्यात आता नाही ताई, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, म्हणाले आणि निघाले. थोडे घाबरले होते, पण माझ्यावर रागावलेही होते. मी ठोक्यांचा अर्थ सांगितला, ती त्यांना आपल्या कामावर घेतलेली शंका वाटली.

इथपर्यंत जे झालं त्याचा मला राग नाही. राग पुढचा आहे.

शांताकाकूने ते ठोके ऐकले होते. शेंगांची टोपली तिथेच टाकून ती गावात गेली. दिवस मावळायच्या आत सगळ्यांना सगळं कळलं होतं, आणि कसं कळलं होतं तर — बाबा परत आले, बाबांना पसंत नाही, पोरीने गाडी चालवू नये असं ते सांगून गेले. मी पाणी भरायला गेले तर नळावर बाया गप्प. काकू मला मायेने म्हणाली, "नंदे, तुहे बाबा नाई म्हनून राह्यले बाप्पा. कायले हट्ट करतं?"

मला सांगा, बाबांनी हे कधी म्हटलं? कुणाला म्हटलं? ज्याने मला चौथीत असताना पायडलवर बसवलं, शेतात नेऊन गाडी शिकवली, लग्नात "हिला गाडी येते" असं पाहुण्यांना कौतुकाने सांगून सासरच्यांची तोंडं वाकडी करून घेतली, तो माणूस मेल्यावर हे सांगायला परत येईल? जिवंतपणी एका शब्दाने अडवलं नाही त्याने. आणि ज्यांच्या स्वतःच्या मनात बाईने स्टेअरिंग धरणं बसत नव्हतं, त्यांनी ते सगळं बाबांच्या तोंडी घातलं. मेलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, त्याचा असा फायदा.

पोरींच्या घरून एकेक निरोप यायला लागले. हिला मामाकडे पाठवतो, तिची तब्येत बरी नाही. देवरावनेही कळवलं की तो येऊन बोलणार आहे. दादाचा फोन आला. ऐकून न घेताच म्हणाला, आता तरी विकू, आणि तोपर्यंत कुणाला तरी दाखवून घे. मी विचारलं, गाडी कुणाला दाखवू, मिस्त्रीला की मांत्रिकाला? त्याने फोन ठेवला.

सुट्टीच्या दिवशी दादा वणीहून आला. मी विहिरीवर होते. परत आले तर जीपच्या पुढच्या बंपरला लिंबू-मिरची लटकत होती, काळ्या दोऱ्यात, मध्ये बिब्बा. आणि दादा शेजारी हात झटकत उभा.

 बापाला घाबरून बापाच्याच गाडीला लिंबू बांधलं होतं त्याच्या मुलाने. बाबांनी जन्मभर त्या बंपरला जे लागू दिलं नाही, तेच. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकू कुंपणाशी आली. देवरावही तेवढ्यात येऊन पोचला होता, आपल्या पोरीचं सांगायला, आणि हे बघून फाटकातच थांबला. दादा ओरडला की तुझ्याच भल्यासाठी करतोय, बाबांनी तीनदा ठोकून नाही म्हटलं, अजून काय पाहिजे तुला.

आई तोवर ओट्यावर बसून होती. ती उठली, विळ्याने तो दोरा कापला, लिंबू गोठ्याच्या उकिरड्यावर टाकलं आणि परत आली. आवाज अजिबात चढवला नाही तिने.

"तीन ठोके म्हंजे नाई नसते," ती दादाला म्हणाली. "तीन ठोके म्हंजे हवा हाय, अजून एकडाव कर. तू कधी बसलाच नाई त्या पायडलवर, तुले काय मालूम? नंदीच्या आधी मी बसत होतो. त्याईनं मले जलमभर नाई म्हटलं नाई, तिले काहून म्हनतीन?"

आमच्याकडे बायाही मी बसतो, मी जातो असंच बोलतात.  मग ती पदर खोचून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. मला म्हणाली, "काम अर्धं राह्यलं हाय. घे पाना."

मी बाबांचा पाना घेतला, सलाईनची नळी घेतली, एका बाटलीत तेल घेतलं आणि डाव्या मागच्या चाकाखाली गेले. जन्मभर वर बसलेली मी पहिल्यांदाच खाली. टोपी काढली आणि आता ही ठेवू कुठे, असा विचार करत असतानाच ती माझ्या दातांत होती. कडू, घाण चव. दादाने वाकून विचारलं, काय करतेस, मदत करू का? मला बोलता येईना. टोपी पडली असती. तेव्हा मी पान्याने एक ठोका दिला.

वरून धप्प आवाज आला. आईचा पाय. किती वर्षांनी, पण चुकला नाही.

निपल उघडली. तेल आलं, स्वच्छ. नुसतं तेल. निपल कसली, दोन ठोके. पुन्हा एक. पुन्हा तेल. मला वाटलं रफिकभाईच खरे, यात काही नाही. पण मी तीन ठोके दिले, पुन्हा केलं... आणि नळीतून एक बुडबुडा आला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा. नळीच्या वळणावर जरा अडला, मग बाटलीत जाऊन फुटला. त्यानंतर पुन्हा पुन्हा करून पाहिलं, काही आलं नाही.

आता इथे लोकांना वाटतं मी म्हणेन की बघा, बाबांनी अपघात वाचवला, पोरींचे जीव वाचवले. नाही. ते मी म्हणणार नाही. हरभऱ्याएवढ्या हवेने ब्रेक फेल होत नाही. पायडल फार तर केसभर खोल जातं, आणि शंभरातल्या नव्व्याण्णव ड्रायव्हरांना ते कळतही नाही. बाबांना मात्र चाललं नसतं, एवढंच. कुणी मेल्यावर परत यावं ते एवढ्या क्षुल्लक कारणासाठी, हे भुताखेताच्या कुठल्या हिशोबात बसतं ते मला सांगा.

टोपी बसवली. उरलेली तीन चाकंही आम्ही दोघींनी केली. मग मी पुन्हा डाव्या मागच्या चाकाशी गेले आणि पाना हातात धरून थांबले. काम झालं होतं. आता तो आवाज व्हायला हवा होता. मी मुद्दाम थांबले, हे कबूल करते. मला ऐकायचं होतं. ठोके देता येतात तर हेही द्यावं... एवढं तरी सांगावं की झालं, उतर. वर आई बसून होती, हललीही नाही. तिलाही तेच हवं असणार.  निंबावर कावळे ओरडत होते.

आवाज आला नाही.

मला तेव्हा बाबांचाही राग आला. एवढं येऊन गेलात आणि हे का नाही? मग हळूहळू लक्षात आलं की ज्याच्या हातात पाना तोच ते सांगतो. आमच्याकडे तसंच होतं. पाना माझ्या हातात होता.

मी तो रिंगवर टेकवला आणि गोल फिरवला. खर्रर्र. वरून सीट करकरली आणि आई खाली उतरली. तिने डोळे पुसले आणि चहा ठेवायला गेली.

देवराव फाटकातून आत आला. पायडल स्वतः हाताने दाबून बघितलं, दोनदा. लक्ष्मी सोमवारी येईल म्हणाला आणि चहा न घेता गेला. सोमवारी ती एकटीच होती गाडीत, मागे ऐसपैस बसलेली. पुढच्या महिन्यात बाकीच्या आल्या. दादा त्या दिवसापासून विकायचं बोललेला नाही, पण "तेव्हा मी तिथं नव्हतो" असं सगळ्यांना सांगतो. असू दे.

या सगळ्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. रफिकभाईंकडेही नाही, मी नंतर त्यांना चारदा विचारून पाहिलं, ते विषय बदलतात. ठोके तिथे हजर असलेल्या सगळ्यांनी ऐकले. तेलाचा डाग मी पायाने पुसला. आणि टोपी अजून आहे. उरलेल्या तीन निपलांना मी नव्या आणून घातल्या, ही एक जुनीच आहे. ती कुठून आली ते मला आजही माहीत नाही. माहीत नाही म्हणजे माहीत नाही. त्या रिकाम्या जागेत कुणी भूत भरू नये, कारण माझा बाप ते मानत नव्हता, आणि त्याच्या मागे त्याच्या नावावर ते खपवणं हा त्याचा अपमान आहे.

त्या शिकल्यासवरल्या बाईला त्या दिवशी मी काही बोलले नव्हते, गाडी भरलेली होती. ती उतरताना पुन्हा विचारायला लागली की अशी गाडी चालवायची भीती नाही का वाटत तुम्हाला. मागच्या सीटवरून लक्ष्मीनेच तिला उत्तर दिलं.

"कायले भेवाचं? ब्रेक पक्के हायत."